नोकरी सांभाळून शिक्षणशास्त्रात पीएचडी: गोव्यातल्या अनुभवी शिक्षकासाठी

माझ्या पीएचडीच्या पहिल्या सिनॉप्सिसचं, म्हणजे संशोधनाच्या आराखड्याचं, शीर्षक होतं ‘गोव्यातील प्राथमिक शाळांतील विद्यार्थ्यांच्या भाषिक समस्यांचा चिकित्सक अभ्यास’. सरांनी कागद हातात घेतला, पेन्सिलीनं ‘गोव्यातील’भोवती एक गोल काढला, ‘समस्यांचा’भोवती दुसरा, आणि विचारलं, ‘‘टीचर, कुठलं मूल? कितवीतलं? ते काय करतं तेव्हा तुम्हांला समस्या दिसते?’’ सतरा वर्षं वर्गात उभी राहिलेली मी, पण त्या तीन प्रश्नांचं उत्तर मला एका वाक्यात देता आलं नाही. ते सापडायला पुढे पाच महिने गेले. माझ्या पीएचडीतले सगळ्यांत कामाचे महिने तेच.

शाळेत, हायर सेकंडरीत, बी.एड. कॉलेजात किंवा शिक्षण खात्यात दहा-वीस वर्षं काढून आता डॉक्टरेट करावी असं ज्यांच्या मनात घोळतंय, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. आपल्याजवळ अनुभवाची शिदोरी मोठी असते. पण वर्गातली गोष्ट आपल्याला ‘माहीतच आहे’ असं एकदा वाटलं की तिच्याकडे बघायचं आपण थांबतो, आणि संशोधनात नेमकं तेच आडवं येतं. म्हणून अर्ज, परीक्षा, परवानग्या हे सगळं सांगताना मी वारंवार त्या बघण्याकडे वळणार आहे.

आधी पदवी कोणती ते नीट समजून घ्या

परदेशात शिक्षण क्षेत्रातल्या नोकरदारांसाठी ईडीडी नावाची वेगळी डॉक्टरेट असते. आधी ठरावीक अभ्यासक्रम, लेखी कामं, मग स्वतःच्या कामाच्या जागेतल्याच एखाद्या प्रश्नावर प्रबंध, असा तिचा साचा. आपल्याकडे अनुभवी शिक्षकाची मळलेली वाट म्हणजे पीएचडी. तीही आता पूर्वीसारखी ‘गाइड आणि मी’ एवढ्यावर चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाची, म्हणजे यूजीसीची, ७ नोव्हेंबर २०२२ ची नियमावली तिला चांगला बांधेसूदपणा देते: प्रवेशासाठी परीक्षा व मुलाखत, किमान १२ क्रेडिटचं कोर्सवर्क (वर्गात बसून करायचा अभ्यासक्रम), दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रगतीचं सादरीकरण, प्रबंध देण्याआधी खुलं सादरीकरण, मग परीक्षक आणि व्हायवा, म्हणजे तोंडी परीक्षा. ही नियमावली छापून घ्या आणि पेन घेऊन वाचा. पानं थोडी आहेत, एका रविवारचं काम आहे.

त्याच नियमावलीतल्या दोन गोष्टी नोकरी करणाऱ्यांनी पहिल्याच दिवशी लक्षात ठेवाव्यात. अर्धवेळ, म्हणजे पार्टटाइम, पीएचडीला परवानगी आहे. मात्र दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीनं पीएचडी करता येत नाही. एम.फिल. तर बंदच झालं आहे, तेव्हा ‘आधी एम.फिल. करतो’ हा जुना सल्ला आता कुणी दिला तरी उपयोगाचा नाही.

इथे थोडं थांबून सांगते, कारण ह्यात माझ्या ओळखीतली माणसं पोळली आहेत. फोनवर जाहिरात येते: दोन वर्षांत डॉक्टरेट, घरबसल्या, विद्यापीठ परदेशी, हप्ते सोयीचे. अशा कंपन्यांमार्फत मिळणाऱ्या ऑनलाइन पीएचडीला मान्यता नाही, असं यूजीसी आणि तंत्रशिक्षणाची परिषद असलेल्या एआयसीटीईनं ऑक्टोबर २०२२ मध्ये जाहीरच केलं होतं. आणि विद्यापीठ देशातलं आहे म्हणून डोळे मिटून पैसे भरू नयेत. पीएचडीचे नियम पाळले नाहीत म्हणून जानेवारी २०२५ मध्ये यूजीसीनं राजस्थानातल्या तीन खासगी विद्यापीठांना पाच वर्षं पीएचडीचे प्रवेश देण्यास मनाई केली. ज्या कुणी ‘हजेरी लावायची गरज नाही, आम्ही सगळं बघतो’ असं म्हटलं, तिथून उठून यावं.

आणि कशासाठी करायची, हेही स्वतःशी बोलून घ्या. सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची नाही. जुलै २०२३ पासून नेट ही राष्ट्रीय किंवा सेट, स्लेट ही राज्य पातळीवरची पात्रता परीक्षा उत्तीर्ण होणं ही किमान अट आहे. फक्त कॉलेजातली नोकरी हवी असेल तर नेटचा रस्ता जवळचा. शाळेतल्या पगारात किंवा बढतीत फरक पडेल ह्या आशेनं येत असाल तर आधी आपले सेवानियम वाचा, शेजारच्या टेबलावर ऐकलेल्या गोष्टींवर विसंबू नका.

पात्रतेत अडकणारी जागा

पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के हवेत. अनुसूचित जाती-जमाती, नॉन क्रीमी लेयर ओबीसी, दिव्यांग आणि आर्थिक दुर्बल घटकांना ५ टक्क्यांची सवलत आहे. इथवर सोपं. अडचण येते ती आपल्या गोव्यातल्या कित्येक शिक्षकांच्या कागदपत्रांत: एम.ए. मराठी किंवा एम.एस्सी. गणित, त्यावर बी.एड., आणि वीस वर्षांची नोकरी. बहुतेक विद्यापीठांत शिक्षणशास्त्राच्या पीएचडीसाठी एम.एड. किंवा शिक्षणशास्त्रातलं एम.ए. मागतात. बी.एड. कितीही चांगल्या गुणांनी झालेलं असलं तरी ती पदव्युत्तर पदवी धरली जात नाही.

मग दोन वाटा उरतात. एक, आधी ती पदवी घ्या. एम.एड. दोन वर्षांचं असतं. इग्नूचं शिक्षणशास्त्रातलं एम.ए. नोकरी करता करता होतं, पण ते चालेल का हे ज्या विद्यापीठात जायचंय त्याच्या ऑर्डिनन्समध्ये आधी बघा आणि ईमेलनं लेखी विचारून ठेवा. दुसरी वाट, आपल्याच मूळ विषयात पीएचडी करायची आणि प्रश्न शिक्षणाजवळचा घ्यायचा. मराठीची पाठ्यपुस्तकं, गणिताची परिभाषा असे विषय त्या त्या विभागातही बसू शकतात. मी एम.एड. करून आले. ती दोन वर्षं वाया गेली असं मला कधी वाटलं नाही, कारण संख्याशास्त्राची भीती तिथेच गेली.

विद्यापीठ शोधण्याआधी प्रश्न शोधा

लोक उलटं करतात. आधी फॉर्म भरतात, मग ‘सर, विषय सांगा’ म्हणून गाइडकडे जातात. दिलेल्या विषयावर सहा वर्षं जीव लागत नाही.

मी काय केलं ते सांगते, तुम्हांला जमेल तसं बदलून घ्या. एक साधी दोनशे पानी वही घेतली. डाव्या पानावर त्या दिवशी वर्गात जे डोळ्यांनी दिसलं, कानांनी ऐकलं, तेवढंच. उजव्या पानावर मला त्याबद्दल काय वाटलं ते. वर तारीख. सुरुवातीला माझं डावं पान रिकामं राहायचं आणि उजवं भरून वाहायचं. ‘मुलं वाचत नाहीत’, ‘पालक लक्ष देत नाहीत’ ही सगळी उजव्या पानाची वाक्यं. सहा आठवड्यांनी डावं पान भरायला लागलं.

एक नोंद इथे देते. पाचवीत नुकत्याच आलेल्या, सत्तरी तालुक्यातल्या एका वाड्यावरच्या मुलानं सुट्टीवर निबंध लिहिला होता. पहिलंच वाक्य: ‘मी मामागेर गेलो.’ सतरा वर्षं अशा ‘गेर’खाली मी लाल रेघ मारत आले होते. त्या दिवशी रेघ मारण्याआधी ते वाक्य वहीच्या डाव्या पानावर उतरवलं. मग त्याच वर्गाच्या बाकीच्या वह्या काढल्या. ‘आजयेगेर’, ‘शेजाऱ्यागेर’. पण ‘बाजारगेर’ कुणीच लिहिलं नव्हतं, तिथे सगळ्यांनी ‘बाजारात’ लिहिलं होतं. म्हणजे मुलं अंदाधुंद चुकत नव्हती. कोकणीत एखाद्याच्या घरी जाण्यासाठी ‘गेर’ आहे, त्याचा नियम मुलांना पक्का ठाऊक होता आणि तो ती मराठीत जिथे शोभेल तिथेच वापरत होती. मी ज्याला चूक म्हणत होते ती मुलाची घरची भाषा होती, आणि तिला व्याकरण होतं.

सरांच्या तीन प्रश्नांचं उत्तर तिथे मिळालं. विषय झाला: घरी कोकणी बोलणाऱ्या चौथीतल्या मुलांच्या मराठी लेखनात घरची भाषा कुठे आणि कशी उतरते, आणि शिक्षक तिला कसा प्रतिसाद देतात. तालुके दोन, शाळा मोजक्या. शीर्षकातून ‘गोव्यातील’ गेलं, ‘समस्या’ गेली, ‘चिकित्सक’ही गेलं.

गोव्यात असे प्रश्न पावलोपावली आहेत. १९८७ च्या राजभाषा कायद्यानं देवनागरी कोकणीला राजभाषा केलं आणि मराठीच्या वापराचीही तरतूद ठेवली. प्राथमिक शाळांच्या माध्यमाचा आणि अनुदानाचा वाद नव्वदच्या दशकापासून चालत आला आणि २०११ मध्ये इंग्रजी माध्यमाच्या प्राथमिक शाळांनाही अनुदान द्यायच्या निर्णयानं पुन्हा पेटला. मुक्तीनंतर भाऊसाहेब बांदोडकरांच्या सरकारनं गावोगाव काढलेल्या सरकारी प्राथमिक शाळांत आज पटसंख्या रोडावते आहे. २०२५ मध्ये सहावी ते दहावी आणि बारावीचं वर्ष एप्रिलमध्येच सुरू झालं. ह्यातलं प्रत्येक वाक्य म्हणजे एक मोठा विषय आहे, पण पीएचडीचा प्रश्न नव्हे. प्रश्न तेव्हा होतो, जेव्हा तुम्ही एका शाळेच्या दारात उभं राहून ‘इथे, ह्या माणसांच्या बाबतीत, नेमकं काय घडतं’ असं विचारता आणि ते बघण्याची काही पद्धत तुमच्याजवळ असते.

प्रश्न हाताशी आला की शोधगंगेवर जा. भारतातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात. गांधीनगरचं इन्फ्लिबनेट ते चालवतं. आपल्या विषयाच्या जवळचे दहा प्रबंध उतरवून घ्या. सगळे वाचायची गरज नाही. प्रत्येकाचं पहिलं प्रकरण, पद्धतीचं प्रकरण आणि शेवटच्या शिफारशी वाचा. दहांपैकी सातांत शिफारशी सारख्याच आढळतील. त्या वाचून जे अजून कुणी विचारलेलं नाही ते जाणवायला लागतं.

विद्यापीठ आणि गाइड

घराजवळ ताळगाव पठारावरचं गोवा विद्यापीठ, १९८५ सालचं. शिक्षणशास्त्रासाठी त्या वर्षी मान्यताप्राप्त संशोधन केंद्र कुठे आहे, तिथे कोणते गाइड आहेत आणि कुणाकडे जागा मोकळी आहे, हे प्रवेशाच्या जाहिरातीत बघा. राज्याबाहेर जायची तयारी असेल तर कोल्हापूरचं शिवाजी विद्यापीठ आणि धारवाडचं कर्नाटक विद्यापीठ आपल्याला त्यातल्या त्यात जवळ. जवळ म्हणजे नकाशावर. कोर्सवर्कसाठी प्रत्यक्ष जावं लागतं, आणि जुलैच्या पावसात आंबोलीचा किंवा चोर्ल्याचा घाट दर आठवड्याला चढणं हा हिशेब आधीच करून ठेवावा. माझ्या एका मैत्रिणीनं धारवाड निवडलं ते रेल्वेसाठी. वास्कोहून लोंढ्यामार्गे जाणाऱ्या गाडीत तिचं अर्धं वाचन झालं.

प्रबंध मराठीत देता येतो का, हेही आत्ताच विचारा. नंतर कळलं तर चारशे पानांचं भाषांतर करावं लागेल.

गाइडच्या बाबतीत नियम असा: एका वेळी प्राध्यापकाकडे आठ, सहयोगी प्राध्यापकाकडे सहा आणि सहायक प्राध्यापकाकडे चार संशोधक असू शकतात. निवृत्तीला तीन वर्षांहून कमी उरलेल्यांना नवा विद्यार्थी घेता येत नाही. म्हणून जागा मोजक्या असतात आणि त्या वर्षागणिक हलतात. गाइडला पहिला ईमेल पाठवताना बायोडाटाची पाच पानं जोडू नका. दोन परिच्छेद पुरे: मी कोण आणि कुठे शिकवते, माझा प्रश्न हा, त्यासाठी आतापर्यंत एवढं बघितलंय, तुमचा अमुक लेख वाचला. उत्तर आलं नाही तर तीन आठवड्यांनी पुन्हा एकदा नम्रपणे लिहा.

भेट झाली की आपला अनुभव थोडा बाजूला ठेवायला शिकावं लागतं. गाइड कदाचित तुमच्यापेक्षा वयानं लहान असेल. वर्गात आपण शेवटचा शब्द असतो, इथे नसतो. मला हे जड गेलं. त्यांचे आधीचे विद्यार्थी शोधून त्यांना एकच गोष्ट विचारा: लिहिलेलं प्रकरण दिल्यावर किती दिवसांनी वाचून परत मिळतं? गाइड निवडताना मला तरी ह्याहून मोलाची माहिती दुसरी वाटत नाही.

परीक्षा आणि मुलाखत

जून २०२४ पासून नेटचे गुण पीएचडी प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ ही संशोधन शिष्यवृत्ती मिळालेले, सहायक प्राध्यापक व पीएचडी दोन्हींसाठी पात्र ठरलेले, आणि फक्त पीएचडीसाठी पात्र ठरलेले अशा तीन गटांत निकाल लागतो. शेवटच्या दोन गटांना नेटच्या गुणांचं वजन ७० टक्के आणि मुलाखतीचं ३० टक्के, आणि ते गुण प्रवेशासाठी एक वर्षच चालतात. ह्या दोन गटांना वयाची अट नाही. जेआरएफला मात्र वयोमर्यादा आहे, त्यामुळे चाळिशीतल्या माणसानं शिष्यवृत्तीची गणितं मांडू नयेत. स्वतःची प्रवेश परीक्षा घेणाऱ्या विद्यापीठांत निम्मा भाग संशोधन पद्धतीचा आणि निम्मा विषयाचा असतो. उत्तीर्ण व्हायला ५० टक्के लागतात, राखीव गटांना ४५. सेट झालेल्यांना काही विद्यापीठं परीक्षेतून सूट देतात.

शिक्षकांची गाडी अडते ती संशोधन पद्धतीत. चल, परिकल्पना, नमुना, विश्वसनीयता, सप्रमाणता हे शब्द आपण बी.एड.ला पाठ केलेले असतात आणि विसरलेलेही. चार महिने रोज एक तास द्या.

मुलाखतीत मला एकच प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला गेला: ‘हे तुम्हांला आधीच माहीत आहे, मग संशोधन कशाला?’ तयारीत ह्या प्रश्नाचं उत्तर लिहून ठेवा. मी वही उघडून ‘मामागेर’चं पान दाखवलं.

एनओसी आणि रजा

अर्धवेळ संशोधकाला नोकरीच्या ठिकाणचं ना हरकत प्रमाणपत्र लागतं, आणि त्यात तीन गोष्टी स्पष्ट लिहिलेल्या हव्यात: अर्धवेळ अभ्यासाला परवानगी आहे, नोकरीचं काम सांभाळून संशोधनाला पुरेसा वेळ मिळू शकतो, आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी कामातून मोकळीक दिली जाईल. तिसऱ्या ओळीवर कार्यालयं अडतात. माझं पत्र एका कार्यालयात सव्वादोन महिने पडून होतं, आणि हाती आलं तेव्हा त्यात नेमकी ती तिसरी ओळ नव्हती. मुलाखतीला नऊ दिवस उरले होते. पुन्हा अर्ज, पुन्हा आवक क्रमांक, पुन्हा रोज दुपारी फेरी. तुम्ही असं करा: नियमावलीतलं ते कलम अर्जाला जोडा, प्रमाणपत्राचा मसुदा स्वतः टाइप करून द्या, आवक क्रमांक घ्या, आणि हे सगळं प्रवेशाची जाहिरात निघायच्या आधी करा. अनुदानित शाळेत असाल तर व्यवस्थापनामार्फत जा आणि मुख्याध्यापकांना कागदाआधी तोंडी सांगा. दुसऱ्याकडून कळलं की माणसं दुखावतात.

गोवा सरकारच्या कर्मचाऱ्यांना केंद्राचे १९७२ चे रजा नियम लागू आहेत. त्यांत अभ्यासरजा आहे: पाच वर्षं नियमित सेवा झालेली असावी, एका वेळी साधारण बारा महिने, संपूर्ण सेवेत चोवीस महिने, आणि परतल्यावर ठरावीक काळ सेवा करण्याचं बंधपत्र. ही रजा मिळण्यासारखी असेल तर कोर्सवर्कला खर्च करू नका. लेखनासाठी राखून ठेवा.

मुदतीचं गणितही इथेच. पीएचडी किमान तीन वर्षांची, कमाल सहा. पुनर्नोंदणी करून आणखी दोन वर्षं मिळतात. महिलांना आणि ४० टक्क्यांहून जास्त अपंगत्व असलेल्यांना त्यावर अजून दोन, म्हणजे एकूण दहापर्यंत. शिवाय महिलांना प्रसूती व बालसंगोपनासाठी २४० दिवसांपर्यंतची रजा ह्या काळात घेता येते. सवलत आहे म्हणून पाय पसरू नका. दर वर्षाची फी भरावी लागते आणि प्रश्नही शिळा होत जातो.

कोर्सवर्क

किमान १२ क्रेडिट आणि ५५ टक्के गुण. संशोधन पद्धती, विषयाचा पेपर, आणि संशोधन व प्रकाशन नीतीचा पेपर सक्तीचा. वीस वर्षांनी बाकावर बसल्यावर पहिले आठ दिवस अवघडल्यासारखं होतं, मग बरं वाटायला लागतं. दोन गोष्टी इथेच शिकून घ्या. झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं मोफत सॉफ्टवेअर पहिल्या दिवसापासून वापरा. आकडेवारीचं काम असेल तर जामोवी मोफत आहे, आणि शाळेतल्या प्रश्नांना बहुधा पुरतं. सोबतच्या पंचविशीतल्या मुलांना विचारायला लाजू नका. ती मनापासून शिकवतात, आणि वर्ग कसा सांभाळायचा हे तुम्हांला विचारतात.

शाळेत संशोधक म्हणून जाताना

हे काम सगळ्यांत मोठं. आधी पर्वरीच्या शिक्षण संचालनालयाकडून शाळांत जाण्याची लेखी परवानगी, मग भागशिक्षणाधिकाऱ्यांना प्रत, मग प्रत्येक मुख्याध्यापकाशी प्रत्यक्ष बोलणं. मुलांबरोबर काम म्हणजे पालकांची लेखी संमती हवीच, आणि ती त्यांच्या भाषेत समजावून. छापील फॉर्मवर सही घेऊन निघून येणं म्हणजे संमती नव्हे. मुलांची आणि शाळांची नावं पहिल्या दिवसापासून सांकेतिक ठेवा. गोवा लहान आहे, वाड्याचं नाव आणि इयत्ता सांगितली तरी मूल ओळखू येतं.

आपण शिक्षक आहोत हे कळलं की शाळा बदलते. मी पहिल्या शाळेत शिरले तेव्हा मुलं उभी राहिली, बाईंनी फळा पुसला आणि जपून ठेवलेला नमुना पाठ सुरू झाला. तो दिवस माझ्या कामाचा नव्हता. चौथ्या-पाचव्या भेटीत बाई विसरल्या की मी तिथे आहे, तेव्हा खरी नोंद सुरू झाली. म्हणून भेटी जास्त धरा, शाळा कमी. आणि आपल्याच शाळेत माहिती गोळा करायची असेल तर दहादा विचार करा: तुमचे विद्यार्थी तुम्हांला नाही म्हणू शकत नाहीत.

वेळापत्रक पंचांगासारखं आखा. जून-जुलैत पाऊस, मग चतुर्थीची सुट्टी, पुढे दिवाळी, नाताळ, आणि परीक्षा. मला सलग काम करता आलं ते चतुर्थी आटोपल्यावर दिवाळीपर्यंत आणि जानेवारी-फेब्रुवारीत. प्रश्नावली किंवा मुलाखतीचे प्रश्न आधी एका शाळेत वापरून बघा. माझे पहिले प्रश्न इतके पुस्तकी मराठीत होते की आया नुसत्या मान हलवत होत्या. कोकणीत विचारायला लागले तेव्हा एकजण चुलीपुढची लाकडं सारत म्हणाली, ‘‘ताका सगळें कळटा, पूण बरोवपाक येना.’’ त्याला सगळं कळतं, पण लिहिता येत नाही. बाहेर पत्र्यावर पाऊस वाजत होता आणि रेकॉर्डिंगमध्ये त्या वाक्याचा अर्धा भाग बुडाला. वहीत लिहून घेतलं होतं म्हणून वाचलं. रेकॉर्डर नुसता विश्वासावर ठेवू नका, आणि एका तासाची मुलाखत उतरवायला पाच-सहा तास लागतात हे धरून चाला. उतरवून घेणं दुसऱ्याकडे देऊ नका. ऐकता ऐकताच बरंच कळतं.

विषय इतिहासाकडे झुकणारा असेल तर पणजीतलं पुराभिलेख खातं आणि पाट्टोवरचं कृष्णदास शामा राज्य मध्यवर्ती ग्रंथालय ही दोन दारं आधी ठोठावा. ग्रंथालयाची परंपरा १८३२ पासूनची आहे. पोर्तुगीज काळातल्या शाळांवर काम करायचं तर पोर्तुगीज वाचता यायला हवं. एक वर्ष त्यासाठी वेगळं काढा.

लेखन, प्रबंध आणि व्हायवा

आठवड्याला दहा-बारा तास मिळाले तर काम पुढे सरकतं. मी पहाटे साडेचार ते सहा लिहायचे, आणि रविवारी दुपारपर्यंत. घरच्यांना नुसतं ‘मला वेळ लागेल’ असं सांगून भागत नाही. कुठले तास, किती वर्षं, आणि त्या तासांत स्वयंपाक, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधं कोण बघणार हे बसून ठरवावं लागतं. आमच्याकडे हे ठरायला दोन भांडणं झाली. ती झाली हे बरंच झालं.

२०२२ च्या नियमावलीनं प्रबंधाआधी शोधनिबंध छापण्याची सक्ती काढली. तुमच्या विद्यापीठानं ती ठेवली आहे का ते बघा. यूजीसीची केअर ही मान्य नियतकालिकांची यादीही फेब्रुवारी २०२५ मध्ये बंद झाली, तेव्हा ‘केअर लिस्टेड, सात दिवसांत प्रसिद्धी’ म्हणून पैसे मागणाऱ्यांच्या नादी लागू नका. एक चांगला निबंध चांगल्या नियतकालिकात दिला की परीक्षकाआधी कुणीतरी परका माणूस तुमचं काम तपासतो, त्यासाठी जरूर लिहा.

प्रबंधातला मजकूर दुसऱ्यांच्या लेखनाशी किती जुळतो ह्याच्या साम्य तपासणीत १० टक्क्यांपर्यंत हरकत घेतली जात नाही. १० ते ४० मध्ये सहा महिन्यांच्या आत दुरुस्त करून द्यावं लागतं, ४० ते ६० मध्ये एक वर्ष प्रबंध देता येत नाही, आणि ६० च्या वर नोंदणीच रद्द होते. अवतरणं आणि संदर्भसूची त्यातून वगळतात. दुसऱ्याचं वाक्य टिपून घेताना त्याच क्षणी पानाच्या क्रमांकासह नोंदवलं तर पुढे घाबरायचं कारण उरत नाही.

प्रबंध देण्याआधी समितीपुढे सादरीकरण होतं. ते विद्यार्थी आणि प्राध्यापक सगळ्यांना खुलं असतं. तिथे सुचलेले बदल करून मग प्रबंध गाइडशिवाय किमान दोन बाहेरच्या परीक्षकांकडे जातो. नियमाप्रमाणे व्हायवासह सगळं सहा महिन्यांत व्हायला हवं. व्हायवात मला पंचेचाळीस मिनिटांतली तीस मिनिटं नमुना निवडीवर विचारलं गेलं. आपण का निवडलं, कुणाला वगळलं, आणि त्यामुळे काय म्हणता येणार नाही, ह्या तिन्हींची उत्तरं तोंडपाठ नव्हे, पटलेली हवीत.

पदवीची अधिसूचना निघाली की प्रबंधाची सीडी किंवा फाइल शोधगंगेसाठी पोचल्याची पावती जपून ठेवा आणि सर्व्हिस बुकात नोंद करून घ्या. त्याच महिन्यात, ज्या शाळांनी दार उघडलं त्यांना परत भेटा. मी चार पानांचा गोषवारा केला, सोप्या मराठीत, आणि पालकसभेत तो कोकणीत सांगितला. ‘मामागेर’चं उदाहरण दिलं तेव्हा हसू उठलं. मग मागच्या बाकावरून तीच आई उभी राहिली आणि विचारलं, ‘‘मागीर टीचर, भुरग्यान ‘मामागेर’ बरयलें जाल्यार मार्क दितले?’’ मग टीचर, मुलानं ‘मामागेर’ लिहिलं तर मार्क देणार?

वर्गशिक्षिकेनं माझ्याकडे बघितलं, मी तिच्याकडे. घरी आल्यावर वहीचं नवं डावं पान काढलं, वर तारीख घातली आणि तो प्रश्न जसाच्या तसा उतरवून ठेवला.